पाळणाघरासाठी अनुदान मिळतं का? चाकणजवळच्या एका केसची सगळी हकीकत

२०२३ च्या मे महिन्यात माझ्या मावसबहिणीचा, म्हणजे ताईचा फोन आला. "अरे, पाळणाघर काढायला सरकार पैसे देतं म्हणे, परत करायचे नसतात. तू ऑफिसात असतोस, बघ ना जरा." मी एका सीएच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की सगळ्या सरकारी योजना मला पाठ आहेत. तेव्हा एकही पाठ नव्हती. पुढच्या वर्षभरात झाल्या, आणि त्यातल्या काही तर आता अस्तित्वातच नाहीत हे पण कळलं. ताईला विचारूनच लिहितोय, आकडे टाक पण माझं नाव नको म्हणाली, म्हणून ती फक्त ताई.

आधी परिस्थिती सांगतो. ताई चाकणला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या गावात राहते, दाजी कंपनीत मेंटेनन्सला. ताईने सहा वर्षं एका प्ले ग्रुपमध्ये शिकवलं, कोविडमध्ये तो बंद पडला, मग घरीच शेजारच्या तीन पोरांना सांभाळायची, महिन्याला प्रत्येकी १,५०० रुपये. चाकणच्या पट्ट्यात कोण राहतं ते माहितीच असेल, बीड, परभणी, बुलढाण्याकडचे, यूपी-बिहारचे, नवरा-बायको दोघं कामाला आणि आजी-आजोबा गावाला. फर्स्ट शिफ्टची बस सकाळी सव्वासहाला चौकात येते, तेव्हा दीड वर्षाचं पोर ठेवणार कुठे? त्यामुळे गिऱ्हाईक मिळेल का हा प्रश्न नव्हताच. प्रश्न पैशाचा होता. घरात साठवलेले १ लाख १० हजार, आणि सोनं गहाण टाकायचं नाही हे ताईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मी सुरुवात केली मोबाईलवर फिरणाऱ्या "महिलांसाठी टॉप योजना" टाइपच्या याद्यांपासून, आणि तिथेच आठवडा घालवला. त्या याद्यांमध्ये भारतीय महिला बँकेची खास डे केअर सेंटरसाठी कर्ज योजना असते, नाव पण छान आहे, परवरिश. ताई तर खुशच झाली. आता ही बँक नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, म्हणजे आम्ही शोधत होतो तेव्हा तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच यादीत देना शक्ती, ती देना बँक २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली. उद्योगिनी नावाची योजना असते, तिच्यात सबसिडी चांगली आहे पण ती कर्नाटकच्या महिला विकास महामंडळाची. मुद्रा आहे, पण मुद्रा म्हणजे शुद्ध कर्ज, शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, तारण लागत नाही एवढंच, त्यात अनुदान एक रुपयाचं नाही. लोक सर्रास "मुद्राची सबसिडी" म्हणतात, ती भानगडच नाहीये.

मग खरंखुरं अनुदान पाळणाघराला मिळतच नाही का? मिळतं, पण कोणाला ते बघा. केंद्राची पाळणाघर योजना जुनी आहे, २००६ पासून राजीव गांधींच्या नावाने होती, मग राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि २०२२ पासून मिशन शक्तीखाली 'पालना' म्हणून चालते. जुन्या नियमांत एका पाळणाघरात २५ मुलं, सहा महिने ते सहा वर्षं वयाची, महिन्याला २६ दिवस आणि रोज साडेसात तास, आणि खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३०, संस्था १० टक्के. पालकांकडून घ्यायची फी किती, तर दारिद्र्यरेषेखालच्यांकडून महिन्याला २० रुपये, घरचं उत्पन्न महिना १२ हजारांपर्यंत असेल तर १००, त्याच्या वर २००. आता 'पालना'त भर अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर आहे. म्हणजे हे सेवेचं काम आहे, फार गरजेचं आहे, पण हा धंदा नाही आणि ताईसारख्या एकट्या बाईला वैयक्तिक नावाने यात शिरायला जागाच नाही.

इथे एका कन्सल्टंटची एन्ट्री झाली. कोणीतरी दाजींना गाठ घालून दिली. त्याचं म्हणणं, "मॅडम ट्रस्ट काढा, सीएसआरचा फंड आणून देतो, २० लाख कुठे गेले नाहीत, फाइल चार्ज फक्त १५ हजार." दाजी तयार झाले होते. मी म्हटलं, दाजी, दोन दिवस थांबा. कंपनी कायद्याचं कलम १३५ काढून बसलो. ज्यांची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी आहे त्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर घालवावे लागतात, इथवर त्याचं बरोबर. पण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेचं १२ए आणि ८०जी हे आयकर सवलतीचं रजिस्ट्रेशन लागतं, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म लागतो, आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड लागतो. काल काढलेल्या ट्रस्टला कोण विचारणार! शिवाय ट्रस्टमधून ताईला घरी न्यायला नफा मिळणार नाही, मिळाला तर पगार. दाजींनी १५ हजार दिले नाहीत. (ताई अजून म्हणते की दिले होते आणि दाजी लपवतायत, त्यात मी पडत नाही.)

शेवटी उरलं पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. हा २००८ ला सुरू झाला, खादी ग्रामोद्योग आयोग चालवतं, आणि जिल्हा उद्योग केंद्रातर्फे म्हणजे डीआयसीतर्फे पण अर्ज करता येतो. सर्व्हिस धंद्याला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो. राज्याचं मुख्यमंत्री रोजगार निर्मिती पण आहे, टक्केवारी साधारण तशीच, आम्ही केंद्राचं धरलं कारण डीआयसीतल्या साहेबांनी दोन्हीपैकी एकच काय ते धरा असं स्पष्ट सांगितलं.

यातलं गणित नीट समजून घ्या, कारण "३५ टक्के माफ" एवढंच ऐकून लोक धावतात. बाई, एससी, एसटी, ओबीसी, माजी सैनिक वगैरे विशेष गटात येतात, त्यांनी स्वतःचे ५ टक्के घालायचे, बाकी ९५ टक्के बँक देते. सबसिडी शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. जनरल गटातल्या पुरुषाला हेच १५ आणि २५, आणि स्वतःचे १० टक्के. पण ही सबसिडी हातात येत नाही! ती बँकेकडे येते आणि तुमच्या नावाच्या ठेवीत तीन वर्षं पडून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का ते बघून मग ती कर्जात वळती होते. मध्येच बंद पडलं तर ते पैसे परत जाऊ शकतात. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आधी कर्ज काढायचं, मग तीन वर्षं नीट वागायचं, मग बक्षीस." इतकं सोपं करून मला कुठल्याच माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

ग्रामीण की शहरी यावरून घरात आठवडाभर वाद चालला. ताईने पहिली जागा बघितली ती चाकण नगरपरिषदेच्या हद्दीत, मेन रोडला, भाडं २२ हजार. २०२२ च्या बदलानंतर योजनेत ग्रामपंचायतीखालचा भाग ग्रामीण आणि नगरपरिषद-नगरपालिकेच्या हद्दीतला भाग शहरी धरतात. म्हणजे ती जागा शहरी, सबसिडी २५ टक्के. दोन किलोमीटर अलीकडे ग्रामपंचायतीत एका रो हाऊसचा तळमजला १४ हजारात मिळत होता, तिथे ३५. आठ लाखांच्या प्रोजेक्टला २ लाख आणि २ लाख ८० हजार, एका हद्दीच्या दगडावरून ८० हजारांचा फरक. मी लगेच म्हटलं, ग्रामपंचायत घे, विचार कसला. ताई म्हणाली सबसिडीचं नंतर बघू, आधी सकाळी बाया कुठून चालत जातात ते बघते. आणि खरंच तीन दिवस पहाटे साडेपाचला दाजींना घेऊन चौकात उभी राहिली, मोजत. रो हाऊसच्या रस्त्याने मुलं कडेवर घेतलेल्या बाया जास्त जात होत्या, कारण चाळी त्या बाजूला आहेत. म्हणून ती जागा. हे उलटं निघालं असतं तर ताईने मेन रोडची जागा घेतली असती आणि मला ते पटलं असतं, ८० हजारांसाठी कोणी पोराला उलट्या दिशेला घेऊन जात नाही.

अजून एक खड्डा होता. योजना फक्त नवीन युनिटला आहे. तोच कन्सल्टंट मध्ये एकदा म्हणाला होता की २०२१ ची तारीख टाकून उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी काढून ठेवा, अनुभव दिसतो, बँका खूष होतात. ते केलं असतं तर ताई कागदावर "चालू युनिट" झाली असती आणि अर्ज तिथेच संपला असता. ताईने डीआयसीत खरं ते सांगितलं, घरी तीन मुलं सांभाळते, नोंदणी काही नाही. साहेब म्हणाले, तो तुमचा अनुभव झाला, जागा नवीन, गुंतवणूक नवीन, मग युनिट नवीन. प्रोजेक्ट ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास लागतं, ताई तर बीए. आणि एका घरात एकालाच, नवरा-बायको मिळून एक.

प्रोजेक्ट रिपोर्ट आम्ही घरीच केला, वहीत. आतलं काम, म्हणजे मुलांच्या उंचीचं टॉयलेट, ग्रिल, फरशी, छोटं किचन, २ लाख ६० हजार. खाटा, गाद्या, मॅट, कपाटं, खेळणी १ लाख ७० हजार. सीसीटीव्ही, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, फ्रिज, वॉशिंग मशीन दीड लाख. अंगणात शेड ७० हजार. आणि पहिल्या महिन्यांच्या पगार-भाड्यासाठी खेळतं भांडवल दीड लाख. एकूण ८ लाख, ताईचे ४० हजार, बँकेचे ७ लाख ६० हजार. जागेचं डिपॉझिट ४२ हजार होतं, ते बँकेने प्रोजेक्टमधून काढून टाकलं, ते तुमचं तुम्ही बघा. असे बारीक बारीक बाहेर पडलेले खर्च मिळून ताईचे ४० हजारांचे खरंतर लाखाच्या पुढे गेले, हे आधी कोणी सांगत नाही.

ऑगस्ट २०२३ ला ऑनलाइन अर्ज. आधार, फोटो, शिक्षणाचा दाखला, जातीचा लागू असेल तर, ग्रामीण भागाचा दाखला, प्रोजेक्ट रिपोर्ट. ग्रामसेवकाकडून दाखला मिळायला तीन चकरा. ऑक्टोबरला फाइल बँकेत पोचली आणि तिथे झोपली. बँकेचं नाव लिहीत नाही. मॅनेजर साहेबांचा पहिला प्रश्न, "पाळणाघर? हा काय धंदा आहे का, बायका एकमेकींची पोरं सांभाळतातच की." मग तारण मागितलं. आता १० लाखांपर्यंतच्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही हा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता, अशा कर्जाला सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची हमी असते. मी तो नियम छापून ताईच्या हातात दिला, ताईने तो टेबलावर ठेवला नाही, ती आधी हसून म्हणाली की साहेब, तुमच्या शाखेतल्या दोन मॅडमची मुलं कुठे असतात हो दिवसभर? त्यातल्या एक मॅडम मागेच बसल्या होत्या. फाइल फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाली. यात मॅडमचा हात किती आणि नियमाचा किती, देव जाणे.

मधल्या काळात ईडीपी, म्हणजे धंदा कसा चालवायचा याचं ट्रेनिंग ऑनलाइन करून घेतलं, ते नसेल तर सबसिडीचा क्लेम पुढे जात नाही. पैसे सुटताना अजून एक त्रास, बँक थेट दुकानदाराला पैसे देते, कोटेशन आणि जीएसटी बिल हवं. गावातला सुतार खाटा स्वस्तात करून देत होता पण त्याच्याकडे बिल नाही, म्हणून दुकानातून महाग घ्याव्या लागल्या, आणि त्या सुतारालाच नंतर तीन खाटांच्या दुरुस्तीला बोलवावं लागलं.

आता बँकेने सबसिडीचा क्लेम टाकायला वेळ लावला. एप्रिलला पहिला हप्ता सुटला, सबसिडी ठेवीत आली सप्टेंबरला. तोपर्यंत व्याज ७ लाख ६० हजारांवर. ११ टक्क्याने महिन्याला जवळपास ७ हजार, आणि सबसिडी आल्यावर ४ लाख ८० हजारांवर ४,४००. म्हणजे दर महिन्याच्या उशिराला अडीच हजार रुपये ताईच्या खिशातून. पैसे सुटले की दर आठवड्याला "क्लेम टाकला का" विचारायचं, हे आम्हाला उशिरा सुचलं.

आणि या सगळ्यात खरा आधार ज्या पैशाचा झाला, त्याला कोणी अनुदान म्हणतच नाही. डिपॉझिटचे ४२ हजार कुठून आणायचे यावर घरात चर्चा चालू असताना दाजी म्हणाले, आमच्या शेजारच्या कंपनीत लाइनवर पोरी खूप आहेत, एचआरला विचारू का. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यात कलम ११ए आलं, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय द्यायची, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यायचं. कारखाना कायद्यात तर पाळणाघराची सक्ती १९४८ पासूनच होती, आधी ५० पेक्षा जास्त आणि १९७६ पासून ३० पेक्षा जास्त महिला कामगार असतील तर. (नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे लागू झाले त्यात पण ५० ची अट आहे, आणि बाहेरच्या खासगी पाळणाघराशी किंवा चार कंपन्यांनी मिळून सोय करायला वाव आहे.) त्या पार्ट बनवणाऱ्या कंपनीत १८० च्या आसपास माणसं आणि पाळणाघर म्हणजे एका खोलीच्या दारावरची पाटी, आत खोकी.

एचआर मॅडमना ताई आणि मी भेटलो. त्या पहिलं म्हणाल्या, सीएसआरमधून बघते. मी म्हटलं मॅडम, ते चालणार नाही, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्यांनी दोन सेकंद बघितलं माझ्याकडे, मग म्हणाल्या बरं, मग वेल्फेअरच्या बजेटमधून. ठरलं असं की ८ जागा त्यांच्या, फी महिना ३,०००, त्यातली अर्धी कंपनी देणार आणि कंपनीच्या वाट्याचे तीन महिन्यांचे पैसे आगाऊ. आठ गुणिले दीड हजार गुणिले तीन, ३६ हजार. डिपॉझिटचा मोठा भाग तिथून निघाला. ना ठेव, ना तीन वर्षं थांबायचं. अटी होत्या, सगळ्या बायांचं पोलिस व्हेरिफिकेशन, कॅमेरे, आणि सकाळी सहाला दार उघडं पाहिजे. सहाची अट ताईला सगळ्यात जड गेली कारण त्या वेळेला यायला मावशी मिळेना, पहिले दोन महिने ताई स्वतः पाचला उठून जायची आणि दाजी डबे करायचे.

जून २०२४ ला पाळणाघर सुरू झालं. पहिल्या महिन्यात ११ मुलं, दिवाळीपर्यंत २२. बावीस गुणिले तीन हजार, ६६ हजार. भाडं १४ हजार, एक टीचर आणि पाळीने येणाऱ्या दोन मावश्या मिळून २८ हजार, लाइट, दूध, खाऊ, साबण असं ९ हजार, बँकेचा हप्ता साडेदहा हजार. हातात साडेचार हजार. हो, साडेचार. लोकांना वाटतं पाळणाघरात काय खर्च असतो. पावसाळ्यात एका पोराला ताप आला की चार पोरं आठवडाभर घरी बसतात आणि पालक म्हणतात तेवढ्या दिवसांची फी कापा. ताईने आता नियम केलाय की महिन्याची फी महिन्याची, कापाकापी नाही, त्यावरून दोन घरं गेली आणि तीन आली.

माझ्याकडे आता नात्यातल्या अजून दोघी विचारायला आल्यात की अनुदान कसं मिळवायचं. मी त्यांना आधी विचारतो, तुमच्या दोन किलोमीटरमध्ये ५० माणसांच्या वरचे कारखाने किती, हॉस्पिटलं किती, आणि त्यांच्या एचआरला तुम्ही भेटलात का. पीएमईजीपीची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, त्यामुळे पुढचे नियम काय आहेत ते डीआयसीत जाऊनच बघा, माझ्या आकड्यांवर अर्ज भरू नका.

मागच्या महिन्यात त्या एचआर मॅडमनी अजून पाच जागा मागितल्या. जागा कमी पडते, वरचा मजला घ्यायचा तर लहान पोरांना जिना नको, म्हणून शेजारचं रो हाऊस बघतोय. चांगल्या चाललेल्या युनिटला दुसरं कर्ज पण मिळतं, सर्व्हिसला २५ लाखांपर्यंत, सबसिडी १५ टक्के, पण पहिली सबसिडी वळती होऊन कर्ज फिटलेलं पाहिजे, आणि ती ठेव सुटणार २०२७ च्या सप्टेंबरला. ताई म्हणाली तोवर कोण थांबणार, मॅडमकडे सहा महिन्यांचे आगाऊ मागते. सोमवारी जाणार आहे.